साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती

मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा शिरस्ता आहे. यंदा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र घेतले आहे. त्यात नवे ते काय, असे काही भगिनींना वाटेल. घटना, महाडचे तळे, नागपूरची दीक्षाभूमी हे सारे आपल्याला पाठ आहे. पण ज्या शिक्षणाच्या बळावर हे सर्व घडले ते साता समुद्रापलीकडचे शिक्षण त्यांना कसे मिळाले, त्याचे पैसे कोणी दिले, कोणत्या अटींवर दिले, आणि घरी राहिलेल्या माणसांनी त्याची काय किंमत मोजली, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्या सालेकसा तालुक्यातल्या मुली आता पदवीपर्यंत पोहोचू लागल्या आहेत. परदेशी शिकणे हे मात्र अजूनही मोठ्या शहरातल्या, मोठ्या घरच्यांचे काम, अशीच आपली समजूत आहे. म्हणून या लेखात बाबासाहेबांच्या चरित्रातला हा एकच धागा धरला आहे. बाकीचे ओघाने येईल तेवढेच.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे पलटणीत सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षक होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. आई भीमाबाई या भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच वारल्या आणि आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपाई येऊन वरून पाणी ओतेपर्यंत घसा कोरडा. हे आपण वाचलेले आहे. वाचून वाचून त्याची धार कमी झाली आहे, एवढेच.

पुढे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत येऊन राहिले. पेन्शनीवरचे घर. सुभेदारांना मुलाच्या वाचनाचे भारी कौतुक. भीमरावाला एखादे पुस्तक हवे झाले आणि हातात पैसा नसला, तर सुभेदार सासरी दिलेल्या लेकींकडे जात, तिच्या अंगावरचा एखादा डाग मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. तुळसा आणि मंजुळा अशी त्या दोघी बहिणींची नावे. बाबासाहेबांच्या पुस्तकांविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण त्या पुस्तकांमागे या बहिणींच्या अंगावरचे सोने होते, हे आपण बायकांनी तरी ध्यानात ठेवावे.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. महार समाजातील मुलगा मॅट्रिक झाला ही त्या काळी एवढी मोठी गोष्ट होती की सभा भरवून त्यांचा सत्कार झाला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्या सभेत होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत. त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. याच सुमारास भीमरावांचे लग्नही झाले होते. वधू रमाबाई जेमतेम नऊ वर्षांची. आईबाप नसलेली, मामा-काकांकडे वाढलेली दापोलीकडची मुलगी. भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकाने उठल्यावर त्या मोकळ्या जागेत हे लग्न लागले. खाली गटाराचे पाणी वाहत होते. सकाळी मासळीवाल्या येण्याच्या आत वऱ्हाडाने जागा मोकळी केली.

एल्फिन्स्टन कॉलेजात इंटर झाल्यावर सुभेदारांची शक्ती संपली. येथे शिक्षण थांबावयाचे. अशा वेळी केळुसकर गुरुजींनी धावपळ केली व बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची भेट घडवून आणली. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारावर भीमराव १९१२ साली बी.ए. झाले.

येथे सयाजीरावांविषयी चार ओळी लिहिल्याच पाहिजेत. हे महाराज जन्माने राजपुत्र नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला गोपाळ हा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. तोवर त्याला लिहितावाचता येत नव्हते. बाराव्या वर्षी ज्याने धुळाक्षरे गिरवली त्या माणसाने १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्यांच्या महाराणी चिमणाबाई या १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा. अशिक्षितपणा म्हणजे काय हे महाराजांना पुस्तकातून कळले नव्हते, म्हणूनच ते शिक्षणासाठी हात सैल सोडीत असावेत, असे मला वाटते.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि पंधरा दिवस होतात न होतात तोच वडील आजारी असल्याची तार आली. निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांचे डोळे मुलाच्या वाटेकडे लागलेले होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. घरावरचे छत्र गेले, कर्ज राहिले. पदरात रमाबाई आणि दोन महिन्यांचा यशवंत.

नेमक्या याच वेळी महाराज काही विद्यार्थ्यांना, एकूण चार जणांना, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवण्याच्या विचारात होते. भीमरावांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ठरलेल्याच विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा सरकारची नोकरी करावयाची. हा करार वाचताना एक गोष्ट जाणवते. हे दान होते, पण दान देणाऱ्याची मर्जी असेपर्यंतच होते. मर्जी लागण्यासाठी आधी ओळख लागे, आणि ओळख करून देण्यासाठी एक केळुसकर गुरुजी लागत. ज्यांना असे गुरुजी भेटले नाहीत, अशी किती हुशार मुले त्या वर्षी त्याच चाळींत राहून गेली असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे पहिल्यांदाच त्यांना कोणी जात विचारली नाही. एका टेबलावर बसून जेवावे, हव्या त्या नळाचे पाणी प्यावे, वाचनालयात हव्या त्या खुर्चीवर बसावे. आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण ज्याने ओंजळीत वरून पाणी घेतले आहे त्याला हे मोकळे वारे किती मानवले असेल! सुरुवातीचे काही दिवस ते रमले, हिंडले. मग मात्र घरची आठवण झाली, तीन वर्षांची मुदत आठवली, आणि ते अभ्यासात बुडाले ते बुडालेच. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई अशा नामांकित गुरूंच्या हाताखाली ते शिकले. १९१५ साली प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातींची उत्पत्ती कशी झाली यावर त्यांनी एका परिसंवादात निबंध वाचला. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा मोठा प्रबंधही त्याच वर्षी तयार झाला. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमविली. पोटाला चिमटा घेऊन जमविली हे वेगळे सांगायला नको, कारण साडेअकरा पौंडांतूनच घरीही काही पाठवावयाचे असे.

आता घरी काय चालले होते ते पाहू. परळच्या चाळीत रमाबाई होत्या. वय पंधरा-सोळा. कडेवर यशवंत, सासऱ्यांचा आधार गेलेला, आणि एवढ्या माणसांचा उदरनिर्वाह. नवरा विलायतेला आहे म्हणून शेजारीपाजारी मान देत असतील, पण मानाने चूल पेटत नाही. अमेरिकेहून येणारी रक्कम तुटपुंजी, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर तिचीही शाश्वती नव्हती. त्यांना पुढे एकंदर पाच मुले झाली. त्यांतला एक यशवंतच जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. रमाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. नवरा काय शिकतो आहे, अर्थशास्त्र म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही. पण तो शिकून येईपर्यंत घर मोडू द्यावयाचे नाही, एवढे त्यांनी मनाशी ठरवले होते आणि ते त्यांनी दोनदा निभावून नेले. ज्या शिष्यवृत्त्यांचा हिशेब दप्तरात आहे त्यात रमाबाईंचा हिस्सा मांडलेला नाही. १९४० साली बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांच्या नावे अर्पण केला, तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षे झाली होती.

अमेरिकेतले काम आटोपून भीमराव १९१६ साली लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. वर्ष होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा हुकूम आला. अभ्यास अर्धा राहिला. विद्यापीठाने एवढीच सवलत दिली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलात तर सोडला तेथून अभ्यास पुढे चालू करता येईल. महायुद्धाचे दिवस होते. सामान ज्या बोटीतून पाठवले होते ती बोट पाणतीराने बुडाली. पुस्तके गेली. स्वतः भीमराव दुसऱ्या बोटीने १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस सुखरूप पोहोचले.

आणि मग ते कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर हजर झाले. कोलंबियाच्या पदव्या, लंडनचे शिक्षण, महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक. पण सबंध बडोदे शहरात त्यांना राहावयास एक खोली मिळेना. हॉटेले जात विचारीत. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. कचेरीत शिपाई दुरून फायली टेबलावर फेकीत. प्यावयास पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात येऊन उभे राहिले व संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून गेले. दोन ओळखीच्यांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही काही ना काही सबब सांगितली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत एका झाडाखाली बसून काढले. ज्या राजाने जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवून शिकवले त्याच्याच राजधानीत त्याच्या अधिकाऱ्याला छप्पर मिळू नये! महाराजांचा यात दोष होता असे मी म्हणणार नाही. पण शिष्यवृत्ती देणे एकट्या राजाच्या हातात असते, शिकून आलेल्याला जागा देणे साऱ्या गावाच्या हातात असते, हे त्या दिवशी दिसले. बाबासाहेबांनी महाराजांविषयी मनात कधी कडवटपणा ठेवला नाही. कोलंबियाचा मोठा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला तो त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला.

मुंबईस परतल्यावर चार वर्षांची ती मुदत डोक्यावर टांगलेली होती. पैसा नाही, शिष्यवृत्ती नाही. शिकवण्या करून पाहिल्या, व्यापाऱ्यांना शेअरबाजाराचा सल्ला देण्याचे काम करून पाहिले. सल्ला देणारा महार आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगाराची प्राध्यापकी मिळाली. आता हातात बरा पैसा आला म्हणून चाळीतले बिऱ्हाड हलवले का? नाही. त्याच दोन खोल्या, तेच काटकसरीचे जेवण. रमाबाईंना घरखर्चाला ठराविक रक्कम मिळे आणि तेवढ्यात त्या भागवीत. उरलेला सारा पैसा लंडनसाठी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला. कोलंबियातले सोबती नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. १९२० च्या जुलैमध्ये, मुदत संपायला वर्षभर उरले असताना, ते पुन्हा बोटीवर चढले. रमाबाई पुन्हा चाळीत.

लंडनमधली ही दुसरी खेप पहिलीपेक्षा कठीण गेली, कारण या वेळी महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवणारे कोणी नव्हते. सकाळी पावाचा तुकडा आणि चहासारखे काहीतरी गरम घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसत ते दार बंद होईपर्यंत. दुपारच्या जेवणावर पैसे घालवीत नसत. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या कोणी दिलेल्या पुडक्यातले चार पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजावयाचे आणि पेलाभर दुधाबरोबर खावयाचे. आपल्याकडे उन्हाळ्यात अंगणात पापड वाळत घालताना हे आठवावे. लंडनच्या थंडीत, एका भाड्याच्या खोलीत, पहाटेपर्यंत जागणाऱ्या त्या माणसाच्या पोटात कोणा मराठी गृहिणीच्या हातचे लाटलेले हेच होते. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांना फार कडक वाटला, तो सौम्य करून पुन्हा द्यावा लागला, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही सर्वोच्च पदवी मिळाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले होते.

आपल्यातल्या काहींना वाटेल की पुरुषांनाच हे जमते. तर त्यांच्या कितीतरी आधी, १८८३ साली, कल्याणच्या आनंदीबाई जोशी एकट्या बोटीने अमेरिकेला गेल्या होत्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. १८८९ साली रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकावयास गेल्या. लहानपणी लावून दिलेले लग्न मानण्यास नकार देऊन त्या कोर्टात उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या खर्चासाठी विलायतेत वर्गणी जमली. पण दोघींच्याही कथेत तेच दिसते. आनंदीबाईंना न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई भेटल्या, रखमाबाईंना डॉक्टर पीचीबाई भेटल्या. भेटल्या म्हणून जमले.

बाबासाहेबांना हे भेटण्यावर सोडावयाचे नव्हते. परत आल्यावर त्यांनी वकिली केली, महाडचा सत्याग्रह केला, गोलमेज परिषदेत भांडले. हे सारे जगजाहीर आहे. पण त्याबरोबर शिक्षणाची सोय सतत चालू होती. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा, लगोलग सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय. नोकरी सांभाळून सकाळी शिकावे अशी सोय सिद्धार्थमध्ये मुद्दाम केली होती.

१९४२ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री झाले. त्याच महिन्यात, २० तारखेला, आपल्या नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. हजारो बायका चालत, बैलगाडीने, आगगाडीने आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना मुलांना शिकवा, मुलींच्या लग्नाची घाई करू नका, असे कळकळीने सांगितले. सभेला आलेल्या कितीतरी बायकांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. त्यांच्या नाती-पणत्या आज आपल्यात आहेत.

पण मंत्रिपदावर येताच बाबासाहेबांनी केलेली एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचे एक सविस्तर निवेदन दिले. त्यात शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून कायमची तरतूद मागितली, आणि ती केवळ देशातल्या शाळा-कॉलेजांसाठी नव्हे तर विलायत-अमेरिकेतल्या उच्च शिक्षणासाठीही मागितली. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार दर वर्षी तीन तीन लाख देते, मग अनुसूचित जातींसाठी का नको, असा त्यांचा सवाल होता. नुसते पदवीधर वाढवून भागणार नाही, मोक्याच्या जागी बसून निर्णय घेणारी माणसे तयार झाली पाहिजेत, आणि तसली माणसे उच्च विद्येशिवाय होत नाहीत, हे त्यांनी व्हाइसरॉयला पटवले. वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले. त्यातून काही विद्यार्थी परदेशी रवाना झाले. एकेकाळी एका मुलासाठी गुरुजींना राजवाड्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या. तीस वर्षांत तो मुलगा स्वतःच खुर्चीवर बसून इतरांची सोय अंदाजपत्रकात घालीत होता. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या कामांत हे धरले पाहिजे.

घटना समितीत मसुदा तयार करताना दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकणारे कलम आले, ते ४६ वे. त्याच समितीत छोटा नागपूरचे जयपालसिंह मुंडा आदिवासींच्या वतीने बोलत. ते मुंडा घरातले, पण ऑक्सफर्डचे पदवीधर. त्यांना पाद्रींनी पाठवले होते. आपल्याकडच्या गोंड, हलबा भगिनींना हे नाव ठाऊक असावे म्हणून लिहिले. हिंदू कोड बिलावरून १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना बोलावून सन्मानाची डॉक्टरेट दिली.

यानंतर दोनच वर्षांनी, १९५४ साली, ते आपल्या भागात आले. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १९९९ मध्ये झाला. हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे राहिले. प्रकृती खालावलेली, पाय दुखत, तरी सभा घेत हिंडले. मतदारांनी त्यांना पाडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांचे डॉक्टर आपल्या दारी मत मागायला आले आणि आपल्या जिल्ह्याने त्यांना रिकाम्या हाती परत पाठवले, ही गोष्ट आपल्या इतिहासात आहे. दुसऱ्या कोणाची नाही, आपलीच आहे.

योगायोग असा की त्याच १९५४-५५ या वर्षी केंद्र सरकारने मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू केली. बाबासाहेब तेव्हा सरकारात नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. योजना मात्र चालू राहिली. अलीकडच्या वर्षांत तिच्यात १२५ जागा आहेत. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलामुलींसाठी त्या आहेत, आणि त्यांतल्या ३० टक्के मुलींसाठी राखून ठेवल्या आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या वेगळ्या योजनेत वर्षाला २० जागा आहेत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, तिच्यात ७५ जागा. ज्या शाहू महाराजांनी बाबासाहेबांना हातभार लावला त्यांचेच नाव तिला आहे, हे उचित झाले.

पण सगळे सुरळीत आहे असे समजू नये. २०२२ मध्ये केंद्राच्या योजनेत असा नियम आला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील सामाजिक प्रश्न या विषयांच्या अभ्यासासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. हे वाचून मी वर लिहिलेली प्रबंधांची नावे पुन्हा पाहिली. प्राचीन भारतातील व्यापार. भारतातील जातींची उत्पत्ती. या नियमाने भीमराव आंबेडकरांचा अर्जच परत आला असता! २०२५ मध्ये १०६ उमेदवार निवडले गेले, पण पहिल्या फेरीत पत्रे ४० जणांनाच मिळाली. बाकीच्यांना निधी असेल तर, असे सांगण्यात आले. परदेशातल्या विद्यापीठाचा प्रवेश हातात आहे, सत्र सुरू होण्याची तारीख जवळ येते आहे, आणि पैशाचे पत्र येत नाही, अशा अवस्थेत ती मुले होती. १९१७ च्या लंडनमधली ती मुदत आणि ही, यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. या योजनांत आधी विद्यापीठाचा प्रवेश मिळवावा लागतो, तेही जगाच्या क्रमवारीत वरच्या विद्यापीठाचा. मग शिष्यवृत्तीचा अर्ज. म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेची फी, परदेशी विद्यापीठांच्या अर्जांची फी, पासपोर्ट, नागपूरच्या खेपा, हा सारा खर्च आधी पदरचा, आणि शिष्यवृत्ती मिळेल की नाही हे ठाऊक नसताना. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि वैधतेला किती महिने लागतात हे आपल्यापैकी ज्यांनी मुलांसाठी खेपा घातल्या आहेत त्यांना सांगायला नको. भूमिहीन मजुराच्या घरातली मुलगी हा आधीचा खर्च कोठून आणणार? सरकारच्या योजनेत या पैशांचे कलम नाही. १९२० साली ते पाच हजार रुपये नवल भथेनांनी दिले होते. आपल्या मंडळाच्या बचत गटांनी मुलींच्या लग्नासाठी कर्जे दिली आहेत, शिलाईयंत्रासाठी दिली आहेत. परीक्षेच्या आणि अर्जांच्या फीसाठीही द्यावीत, अशी सूचना येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. कोणाच्या घरात किंवा शेजारात पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी मुलगी असेल तर तिचे नाव त्याआधी कळवावे.